अखंड दिव्याची वात : इंदूरच्या घरातल्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

गेल्या नवरात्रात सहाव्या माळेच्या रात्री आमचा अखंड दिवा शांत झाला. पहाटे साडेतीनच्या सुमारास आई पाणी प्यायला उठली तर देवघरात अंधार. समईत तेल निम्म्याच्या वर होतं, पंखा बंद होता, खिडकी लावलेली होती. वात मात्र काळी, टणक झाली होती. बोट लावलं तर तिचा शेंडा मोडून तेलात पडला. आई काही बोलली नाही. दुसरी वात लावली, देवीपुढे डोकं टेकलं आणि पुढच्या तिन्ही रात्री देवघरातच सतरंजी टाकून बसून राहिली. तेव्हा तिचं वय ८२ होतं.

यंदा घट ३ ऑक्टोबरला बसतील. हातात दीड महिना आहे. आईला रात्री निश्चिंत झोप लागावी, एवढ्यासाठी हे काम हाती घेतो आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत ३२ वर्षं काढली, तेव्हा मोजल्याशिवाय आणि लिहून ठेवल्याशिवाय चैन पडणार नाही. कसोटी एकच ठरवली: रात्री नऊला तेल घालून वात सारली की सकाळी नऊपर्यंत, म्हणजे १२ तास, कुणी हात न लावता ज्योत टिकली पाहिजे.

समई बदलायची नाही. ती आईच्या सासूबाईंची आहे. वाटीचा व्यास साधारण ११ सेंटीमीटर, पाच पाकळ्या, पैकी एकाच पाकळीत वात.

२१ ऑगस्ट, बुधवार

वातीसाठी जे जे मिळेल ते गोळा केलं: राजवाड्याजवळून आणलेली तयार लांब वातींची दोन पाकिटं, मेडिकलमधला सर्जिकल कापूस, कंदिलाची फीत, वडिलांच्या जुन्या धोतराची चिंधी आणि एका हार्डवेअरवाल्याकडची काचतंतूची दोरी.

पहिलं काम चिमट्यात धरून जाळून पाहण्याचं. सुती धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो, निखारा हळूहळू पुढे सरकतो आणि मागे राखाडी, बोटाने चुरगळणारी राख राहते. धोतराची चिंधी तशीच जळली, सर्जिकल कापूसही. तयार वातींच्या एका पाकिटातली वात मात्र ज्योत जवळ येताच आक्रसली, टोकाशी वितळून थेंब झाला आणि गार झाल्यावर तिथे काळा कडक मणी उरला. ते पॉलिएस्टर. कापसात मिसळलेलं असल्यामुळे डोळ्यांना कळत नाही, हातालाही थोडी जास्त गुळगुळीत लागते इतकंच. पाकिटावर ‘शुद्ध कापूस’ छापलेलं होतं.

गेल्या वर्षीची उरलेली वात देवघराच्या खणात होती, तीही जाळून पाहिली. पुन्हा मणी. हा मणी वातीच्या टोकाशी बसला की तेलाची वाट तिथेच बुजते.

आईला दाखवलं. तिने तो मणी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, “वाती घरीच वळू. मला बसल्या जागी काय काम असतं?”

२५ ऑगस्ट, रविवार

मावसभाऊ खरगोनहून आला, येताना किलोभर कापूस घेऊन आला. घरात राखून ठेवलेला, गेल्या हंगामातला, सरकीसकट. निमाडातला कापूस आमच्याकडे नेहमीच यायचा, पण तो गाद्या-उशांसाठी. वातीसाठी तो हातात घेऊन मी कधी निरखला नव्हता.

सकाळी तिघं सरकी काढायला बसलो. बोंडाचा एक पाकळ घ्यायचा, त्यातली सरकी अंगठ्याच्या नखाखाली दाबायची आणि दुसऱ्या हाताने तंतू सरकीपासून बाहेर ओढायचे. सरळ ओढले तर तुटतात, थोडे तिरपे, सरकीला फिरवत ओढले की मुळासकट सुटतात. आई हे न पाहता करते. सुटलेला पुंजका ती लगेच दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणते, एकावर एक ठेवते, पुन्हा ताणते. चार-पाच वेळा असं केलं की सगळे तंतू एका दिशेला लागतात आणि मधला कचरा, पानाचा चुरा, सरकीचं टरफल आपोआप खाली पडतं. कातायला पेळू करतात तो यानंतर. दोन तासांत तिघांनी मिळून जेमतेम ६० ग्रॅम कापूस काढला. नऊ दिवसांसाठी तो पुष्कळ आहे.

टरफलाचे तुकडे फार काळजीने काढावे लागतात. एक मुद्दाम राहू दिला आणि त्या वातीची ज्योत पाहिली. निखारा त्या तुकड्यावर आला तसा तो तिथेच धुमसत राहिला आणि त्याच्याभोवती काजळीची गाठ धरली.

मावसभाऊ विचारत होता, देशी कापूस आणि हल्लीचा संकरित यात वातीला कोणता बरा. देशी कापसाचा तंतू आखूड आणि जाड, अंगाने ताठ. दाबला तरी पुन्हा फुलतो, म्हणून सर्जिकल कापसाला त्याला मागणी असते. संकरित कापसाचा तंतू लांब, बारीक, तो पीळ चांगला धरतो. खरगोनचा हा कापूस संकरित आहे आणि लांब वातीसाठी मला तोच हवा. आखूड तंतूची वात मधेच विरते. फुलवातीला मात्र देशी चालेल, तिला फुगीरपणा हवा असतो.

बोलता बोलता इंदूरच्या कापूस संशोधनाचा विषय निघाला. १९२४ साली इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री निघाली, अल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख. कापसाचं काम करता करता त्यांनी पऱ्हाटीसारखा (कापूस वेचल्यावर उरलेली झाडं) शेतातला टाकाऊ माल कुजवून खत करण्याची जी रीत बसवली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. त्याच आवारात आज आपलं कृषी महाविद्यालय आहे. मावसभावाला हे ठाऊक नव्हतं. तो पऱ्हाटी बांधावर जाळतो.

१ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस महत्त्वाचा. माझी एक पक्की समजूत आज मोडली.

वडील मिलच्या ब्लीचिंग खात्यात होते. कापड मोठ्या बंद कढईत, तिला ते ‘कियर’ म्हणत, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तासन् तास उकळायचं, मग पुढचं सगळं. ते नेहमी सांगत, कच्चा कापूस पाणी पीत नाही, आधी त्याचं मेण काढावं लागतं. कापसात ९४–९५ टक्के सेल्युलोज असतं आणि मेण जेमतेम अर्धा ते एक टक्का. पण ते मेण तंतूच्या अगदी बाहेरच्या सालीवर असल्यामुळे एवढंसं असूनही पाण्याला आत शिरू देत नाही.

तेव्हा मी ठरवलं होतं की वातीचा कापूस आधी उकळायचा. भाची आली होती. ती इथेच एसजीएसआयटीएस या अभियांत्रिकी महाविद्यालयात आहे आणि केशाकर्षणावर, म्हणजे बारीक फटींतून द्रव आपोआप वर चढतं त्यावर, तिचा छोटा प्रकल्प चालू आहे. तिने सांगितलं की बाहेरच्या देशांत जे लोक ई-सिगारेटच्या तारेची गुंडाळी घरी वळतात, तेही कापूस उकळून, धुऊन, वाळवूनच तिच्यात भरतात. आधी सिलिकाची दोरी वापरत, मग बरेचसे कापसाकडे वळले. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, साठवण सगळ्यावर बंदी आहे आणि ते योग्यच आहे. पण वात ती वातच, तिथे चालतं ते इथेही चालेल असं आम्हा दोघांनाही वाटलं.

लिटरभर पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून २० ग्रॅम कापूस ४० मिनिटं उकळला. पाणी चहासारखं पिवळट-तांबूस झालं. तीनदा साध्या पाण्यात धुतला, शेवटी आरओच्या पाण्यात. पिळून गच्चीच्या दाराशी वाळत टाकला. पावसाळी हवा, संध्याकाळपर्यंत वाळला नाही, शेवटी इस्त्रीच्या उष्णतेवर कोरडा केला.

मग परीक्षा. दोन पेल्यांत पाणी. एकात कच्च्या कापसाचा पुंजका टाकला, एकात उकळलेल्याचा. उकळलेला पाच-सहा सेकंदांत तळाला गेला. कच्चा दहा मिनिटं वर तरंगत राहिला, कमळाच्या पानासारखा, खालून दाबला तरी कोरडाच वर आला. वडिलांचं म्हणणं डोळ्यांनी पाहिलं.

आता दोन पेल्यांत तिळाचं तेल. कच्चा पुंजका तेलावर ठेवला आणि तो ठेवताक्षणी तेल प्यायला लागला. उकळलेलाही प्यायला, पण आधी प्यायला असं मुळीच नाही. चार वेळा करून पाहिलं. दोनदा तर कच्चा पुढे होता.

भाची म्हणाली, “मामा, मेणाला पाणी नको असतं, तेल हवंच असतं ना!”

अगदी बरोबर. मेण आणि तेल एकाच जातीचे. समुद्रावर तेल सांडलं की ते टिपायला कच्चा कापूस चालतो तो याच गुणामुळे. ई-सिगारेटमधलं द्रव ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉलचं, दोन्ही पाण्यात मिसळणारी, म्हणून तिथे मेण काढावं लागतं. आमच्या समईत तेल आहे. मिलमध्ये रंग आणि ब्लीच पाण्यातून द्यायचे म्हणून कियर लागायची. वडिलांचं म्हणणं पाण्यापुरतं खरं होतं, आणि मी ते ४० वर्षं सगळ्यालाच खरं धरून चाललो होतो.

उकळण्याचा एक फायदा आहे: धूळ आणि शेतातले क्षार निघून जातात. पण तंतू विस्कटतात, पुन्हा ताणून एका दिशेला लावावे लागतात, आणि सोडा नीट निघाला नाही तर तोच वातीच्या टोकाशी पांढरा थर धरतो. माझ्या उकळलेल्या वातीवर तो धरलाच. उकळणं रद्द. कापूस हाताने स्वच्छ करायचा.

३ सप्टेंबर, मंगळवार

काचतंतूची दोरी बाद. जळत नाही हे खरं, पण जळत नसल्यामुळे काजळी तिच्यावर बसून राहते. सुती वातीचं टोक थोडं थोडं जळून जातं आणि आपल्याबरोबर काजळीही नेतं. शिवाय कापताना कुसं बोटांत गेली, दोन दिवस खाज आली. देवाच्या कामात ही दोरी नको, हे आईने ती पाहताच सांगितलं होतं.

कंदिलाची फीतही बाद. ती विणलेली आहे रॉकेलसाठी. रॉकेल तिळाच्या तेलापेक्षा कितीतरी पटींनी पातळ, ते त्या घट्ट विणीतून सहज वर चढतं. आमचं तेल फितीत अडखळलं आणि ज्योत गव्हाच्या दाण्याएवढी राहिली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

गणपती आणि गौरी. काल गौरींचं विसर्जन झालं. या आठवड्यात काम काही नाही. फक्त एक पाहून ठेवलं: गौरींपुढे तुपाच्या फुलवाती लावल्या होत्या. तूप थिजलेलं होतं, तरी वात पेटली की स्वतःच्या उष्णतेने भोवतीचं तूप वितळवते आणि पिते. पण निरांजनाचा जीव तासाभराचा. अखंड दिव्याला तूप घालायचं तर रात्री कुणी तरी जागं राहायला हवं.

१५ सप्टेंबर, रविवार

पिळाची परीक्षा. आईकडून एकाच जाडीच्या, पण तीन प्रकारे वळलेल्या वाती करून घेतल्या.

आई वळते ते जवळून पाहिलं. ताणलेल्या कापसाची वीतभर पट्टी ती डाव्या तळहातावर आडवी ठेवते. उजव्या तळव्याने मनगटाकडून बोटांकडे एकदाच ढकलते. एका ढकलण्यात सैल वात, दोनमध्ये मध्यम, तीनमध्ये घट्ट. मग वात मधोमध दुमडून सोडून देते आणि ती स्वतःच उलट फिरून दुपदरी होते, सुटत नाही. वळताना बोटं घसरू नयेत म्हणून पूर्वी ती दुधाचं बोट लावायची. मी दुधाची एक वात वेगळी जाळून पाहिली होती: टोकाशी तपकिरी कड जमून चार तासांत ज्योत लहान झाली. दुधातली साखर आणि प्रथिनं जळून बसतात ती. आता ती चिमूटभर भस्म लावते, तेही झटकून टाकते.

तिन्ही वाती पट्टीला बांधून त्यांची टोकं तेलात सोडली. दहा मिनिटांत सैल वातीत तेल साडेतीन सेंटीमीटर चढलं, मध्यम वातीत तीन, घट्ट वातीत दीड. तासाभराने सैल सात, मध्यम साडेसहा, घट्ट साडेतीन.

पुस्तकात वाचलं होतं की नळी जितकी बारीक तितकं द्रव उंच चढतं. ते खरंच आहे, पण शेवटी कुठे पोचेल याबद्दल. किती वेगाने पोचेल हे वेगळं. बारीक फटीतून घट्ट द्रवाला वाट काढायला वेळ लागतो आणि ज्योतीला धीर नसतो. तिला दर क्षणी तेल हवं. मिळालं नाही की ती वातच खाते. मुळात दिव्यात जळते ती तेलाची वाफ. तेल टोकाशी पोचून वाफ होताना उष्णता घेऊन जातं, म्हणूनच इतक्या गरम जागी कापूस टिकतो. तेल कमी पडलं की कापूस तापतो, कोळसा होतो, आणि मग कोळशातून तेल आणखीनच कमी येतं. गेल्या वर्षी नेमकं हेच झालं असणार.

मग तिन्ही पेटवल्या. सैल वातीची ज्योत मोठी, पण धूर सोडणारी, शेंडा पसरलेला, तासाला सात ग्रॅम तेल खाणारी (स्वयंपाकघरातल्या काट्यावर समई ठेवून मोजलं). घट्ट वात दोन तासांत काळवंडली. मध्यम वात तासाला साडेचार ग्रॅम, ज्योत बदामाएवढी, हलत नाही. मध्यम ठरली.

साडेचार ग्रॅमच्या हिशेबाने नऊ दिवसांचे २१६ तास धरले तर एक किलोच्या आत तेल लागेल.

१६ सप्टेंबर, सोमवार

समईवर ठेवायला काचेची मोठी चिमणी बर्तन बाजारातून आणली. परवापासून पितृपक्ष, त्यात नवी वस्तू घ्यायची नाही असं आईचं म्हणणं, म्हणून आजच.

१९ सप्टेंबर, गुरुवार

तीन दिवस झडीचा पाऊस. वात लावली की तडतड, ठिणगी उडते, ज्योत दचकते. काल संध्याकाळी दोनदा तर विझायलाच आली. तेच तेल, तीच वात. रविवारी काही त्रास नव्हता.

कारण शोधायला फार डोकं चालवावं लागलं नाही. कापूस हवेतलं पाणी ओढतो, साध्या हवेतही आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के, आणि अशा हवेत त्याहून जास्त. ते पाणी तेलाने वेढलेल्या वातीत अडकतं, ज्योतीजवळ येताच एकदम वाफ होतं आणि तेलाचा शिंतोडा उडवतं. कढईत ओला बटाटा सोडला की होतं तेच.

१२ वाती मंद तव्यावर स्टीलच्या ताटलीत ठेवून २० मिनिटं गरम केल्या आणि गरम असतानाच तेलात बुडवल्या. तेल भरलं की पाण्याला जागा राहत नाही. त्यातली एक लावली: एकही तडतड नाही. बाकीच्या तेलासकट झाकणाच्या बरणीत ठेवल्या. आता हाच नियम: वळून झाल्या की शेकायच्या आणि लगेच तेलात मुरवायच्या. मुरलेली वात पेटतेही पटकन.

या सगळ्या कामात कापूस उकळण्याला मी इतकं महत्त्व दिलं होतं, आणि खरी गरज निघाली शेकण्याची.

२२ सप्टेंबर, रविवार

तेलं. हा विषय मोठा आहे, माझ्याकडे वेळ थोडा, तरी चार तेलं प्रत्येकी १२ तास लावून पाहिली. एकाच कापसाची, एकाच पिळाची वात.

सोयाबीन: आमच्या माळव्यात घरोघरी हेच. सुरुवातीला छान जळलं. सातव्या तासानंतर वातीवर चिकट तपकिरी साय धरू लागली. हे तेल हवा आणि उष्णता लागली की घट्ट, चिकट होणाऱ्यांपैकी आहे, जवसाच्या तेलाइतकं नाही, पण आहे. कढईच्या कडेला जो पिवळा चिकट थर बसतो तोच. पूजेचं तेल म्हणून गेल्या वर्षी जे आणलं होतं त्याचा तळाशी राहिलेला डबा सापडला. वातीवर त्याचीही अशीच साय आली.

शेंगदाणा: चांगलं. थोडी काजळी.

घाणीचं तीळ तेल, सियागंजातून आणलेलं: वास सुरेख, पण पहिल्या दिवशी वात पाच तासांत मंदावली. बाटली उजेडात धरली तर तळाशी धुरकट गाळ. घाणीच्या तेलात बियांमधला डिंकासारखा अंश राहतो, तो वातीत चढून फटी बुजवतो. तेल पाच दिवस हलवलं नाही, वरचं निवळ तेवढं हळू ओतून दुहेरी मलमलीतून गाळलं. तेच तेल, तीच वात, १२ तास नीट.

एरंडेल: नुसतं चालत नाही. इतर तेलांच्या साधारण दहापट दाट, वातीत चढतच नाही. पण तिळाच्या तेलात दहावा हिस्सा मिसळलं तेव्हा ज्योत थोडी शांत झाली आणि तेल जरा पुरवून जळलं. आई म्हणाली, तिच्या माहेरी महेश्वरला रात्रीच्या दिव्यात एरंडेल असायचंच.

ठरलं: निवळलेलं, गाळलेलं तीळ तेल नऊ भाग, एरंडेल एक भाग.

२५ सप्टेंबर, बुधवार

पहिली सलग २४ तासांची चाचणी, समईऐवजी उभट काचेच्या बरणीत, कारण तेलाची पातळी बाहेरून दिसावी. १६ तासांनी ज्योत निम्मी. पातळी अडीच सेंटीमीटर उतरली होती. वातीला तेल जितकं उंच न्यावं लागतं तितकं ते कमी पोचतं, हे पिळाच्या परीक्षेत दिसलंच होतं, पण ज्योतीवर ते इतकं ठळक दिसेल असं वाटलं नव्हतं. समईची वाटी पसरट असते ते याचसाठी. आमच्या वाटीत १२ तासांत ५४ ग्रॅम तेल जळलं तरी पातळी फार तर सहा मिलिमीटर उतरते. ज्या कुणी तांबटाने ही समई घडवली, त्याला हे हाताने ठाऊक होतं.

२९ सप्टेंबर, रविवार

समईत ४८ तासांची रंगीत तालीम. शुक्रवारी रात्री नऊ ते आज रात्री नऊ. चिमणी विटेच्या तीन तुकड्यांवर टेकवून खालून हवेला बोटभर फट ठेवली. फट नसेल तर ज्योत गुदमरते आणि काच काळी होते. समई परातीत, परातीत वाळू.

३० तासांपर्यंत हात लावला नाही. मग टोकाशी मुगाएवढी काजळी. ती झाडताना ज्योत एकदम खाली बसली, काळजात धस्स झालं, पण सावरली.

यावर आईने तोडगा काढला आणि तो मला सुचला नव्हता. त्याच पाकळीत शेजारी दुसरी मुरवलेली वात ठेवायची, न पेटवता. पहिली झाडायची वेळ आली की आधी दुसरी तिच्यावरच लावून घ्यायची, ती स्थिर झाली की मग पहिली काढायची. ज्योत एका वातीवरून दुसरीवर जाते, मध्ये खंड पडत नाही. तिची सासू असंच करायची. जोडवात म्हणतात ती वेगळी, ही ‘हात देणारी’ वात, असं ती म्हणाली.

रोज सकाळी नऊला वात बदलायची, मग ती कितीही चांगली दिसत असली तरी.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसले. बरणीत २४ मुरवलेल्या वाती, गाळलेलं तेल सव्वा किलो. सकाळी आईने समई लावली. चिमणी ठेवताना माझे हात थरथरत होते.

६ ऑक्टोबर, रविवार

तीन रात्री झाल्या. पहिल्या रात्री मी दर दोन तासांनी उठून पाहिलं, दुसऱ्या रात्री दोनदा, कालच्या रात्री एकदाही नाही. तेल रोज १०५ ते ११० ग्रॅम लागतं, हिशेब बरोबर आला. काच रोज सकाळी वात बदलताना पुसतो, काजळी अगदी पुसट.

८ ऑक्टोबर, मंगळवार

गेल्या वर्षी याच सुमारास दिवा गेला होता. आई रात्री साडेनऊला देवघरात आली, वात सारली, तेल पाहिलं. मी सतरंजी घालू का विचारलं. ती थोडा वेळ ज्योतीकडे पाहत उभी राहिली आणि म्हणाली, “नको. तू पण झोप.” आपल्या खोलीत गेली आणि तिथला दिवा मालवला. पहाटे पाचला मी उठलो तेव्हा ज्योत संध्याकाळी होती तेवढीच होती आणि आईच्या खोलीतून तिच्या घोरण्याचा आवाज येत होता. मी बाहेर ओट्यावर बराच वेळ बसलो.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

घट हलवले. दिवा एकदाही शांत झाला नाही. तेल एकूण ९८० ग्रॅम, वाती नऊ लागल्या, १५ उरल्या. एका वातीवर सहाव्या दिवशी काजळीची गाठ धरली होती. उलगडून पाहिली तर आत सरकीच्या टरफलाचा कण. वेचताना माझ्याच हातून राहिला असणार, आई सोडत नाही.

मावसभावाला फोन केला, नव्या वेचणीचा अर्धा किलो कापूस ठेवायला सांगितला. पुढच्या महिन्यात त्रिपुरी पौर्णिमा, आईला साडेसातशेची वात वळायची आहे आणि भाचीला ती शिकायची आहे. रविवारी सकाळी सरकी काढायला बसायचं ठरलं.